खेळता खेळता राबणं

२०२२ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' या गेमच्या खेळाडूंचा मेळावा आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये भरला होता. अंतराळयानांच्या लढायांचा हा गेम २००३ पासून चालू आहे. मेळाव्यात कंपनीने जाहीर केलं की मायक्रोसॉफ्टच्या मदतीने गेममधली आकडेवारी आता थेट एक्सेलमध्ये घेता येईल. ना नवं यान, ना नवा ग्रह, एक्सेल! आणि खेळाडू खूश झाले. कारण हा गेम मन लावून खेळणारे तसेही शेजारी एक्सेल उघडूनच बसत होते. कुठलं खनिज कुठे स्वस्त, ते कुठे नेऊन विकलं तर वाहतूक वजा जाता काय सुटतं, लढाईला निघालेल्या ताफ्याला दारूगोळा कोण पुरवणार, असे सगळे हिशेब त्यात. या गेममध्ये खेळाडूंनी चालवलेल्या संघटनांना 'कॉर्पोरेशन' म्हणतात. त्यांना संचालक असतात, भरती करणारे असतात, नव्या उमेदवाराची मुलाखत होते, तो शत्रूचा हेर तर नाही ना याची चौकशी होते. दिवसभर ऑफिसात हेच करून आलेला माणूस रात्री पुन्हा तेच करायला बसतो. अनेक जण तर त्यासाठी दरमहा वर्गणी भरतात.

याला खेळ म्हणायचं की काम? वरवर हा नुसता शब्दांचा खल वाटेल. पण या प्रश्नाच्या उत्तरावर आज बऱ्याच जणांचा पैसा आणि वेळ अवलंबून आहे, काहींचं तर पोटही. आणि उत्तर जितकं धूसर राहील तितका कोणाचा तरी फायदा होतो.

जुन्या विचारवंतांना ही रेघ बऱ्यापैकी स्पष्ट दिसत होती. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' या पुस्तकात खेळाची ओळख सांगितली ती साधारण अशी: स्वखुशीने केलेली, रोजच्या आयुष्यापासून वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी चालणारी, जिच्यातून कसलाही ऐहिक लाभ होत नाही अशी कृती. फ्रेंच विचारवंत रॉजेर कायवा १९५८ मध्ये आणखी पुढे गेले. खेळातून नवी संपत्ती तयारच होत नाही, जुगारातही पैसा फक्त या खिशातून त्या खिशात जातो, असं त्यांचं म्हणणं. पगार घेऊन खेळणारा व्यावसायिक खेळाडू त्यांच्या लेखी खेळत नसून काम करत असतो.

मला जास्त उपयोगी वाटते ती तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांची १९७८ मधली व्याख्या. खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून ओढवून घ्यायचे आणि ते पार करायची धडपड करायची. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकणं किती सोपं आहे! तरी माणसं लांबून काठीने मारत बसतात, कारण ती अडचणच त्यांना हवी असते.

ही व्याख्या हाताशी धरली की एक गैरसमज गळून पडतो. कष्ट, रटाळपणा किंवा शिस्त दिसली म्हणून एखादी गोष्ट काम ठरत नाही. २०१२ मध्ये आलेल्या 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या गेममध्ये माल भरायचा, वेळेत पोचवायचा, सिग्नल तोडला तर दंड भरायचा, डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन झोपायचं. 'पॉवरवॉश सिम्युलेटर'मध्ये तर पाण्याच्या फवाऱ्याने दुसऱ्यांच्या गाड्या आणि अंगणं धुवायची, बस्स. ऐकायला मजुरीच वाटते, पण हा निखळ खेळ आहे. एक बटण दाबलं की ट्रक जागच्या जागी थांबतो आणि माल पोचला नाही म्हणून कोणाचा पगार कापला जात नाही.

मग काम ओळखायचं कशावरून? माझ्या मते दोन प्रश्न विचारले तर पुरतं. मनात आलं की थांबता येतं का? आणि खेळून जे काही तयार होतं ते शेवटी कोणाच्या पदरात पडतं? डिजिटल गेमांनी नेमक्या याच दोन जागा गढूळ केल्या आहेत.

हजेरी लावा, नाहीतर पीक वाळेल

थांबण्यापासून सुरुवात करू. इंटरनेटवर हजारो लोक एकाच वेळी खेळतात अशा गेमांचा अभ्यास करणारे संशोधक निक यी यांनी २००६ मध्ये लिहिलं की अशा गेममधला खेळाडू आठवड्याला सरासरी २२ तासांच्या आसपास खेळतो. म्हणजे नोकरीबरोबर चालवलेली अर्धवेळ नोकरीच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला तेव्हा त्यातल्या सर्वांत मोठ्या मोहिमांसाठी, ज्यांना खेळाडू 'रेड' म्हणतात, तब्बल ४० जणांना एकाच वेळी हजर राहावं लागायचं. एक जरी गळाला तरी बाकीच्यांची संध्याकाळ वाया. म्हणून खेळाडूंच्या गटांनी, म्हणजे गिल्डनी, वेळापत्रकं केली, न येणाऱ्याने आधी कळवायचे नियम केले. हजेरीचे गुण साठवायचे आणि त्या गुणांवर मोहिमेत मिळालेली लूट घ्यायची, अशी पद्धत 'एव्हरक्वेस्ट'पासून चालत आली होती. 'ड्रॅगन किल पॉइंट्स' हे तिचं नाव. कुठल्या कंपनीने ती लादली नव्हती, खेळाडूंनी आपणच शोधून काढली.

इथे थांबणं अवघड होतं हे खरं, पण ते दुसऱ्या माणसांमुळे. नाटकाच्या तालमीला उशिरा गेलं तरी बोलणी खावी लागतात, आणि त्यामुळे हौशी नाटक नोकरी ठरत नाही. मला यात फारसं वावगं दिसत नाही.

खरा बदल झाला तो पुढच्या काही वर्षांत, जेव्हा माणसांऐवजी खुद्द गेमच तुमची वाट बघायला लागला. पूर्वी गेमची डबी एकदा विकली की कंपनीचं काम संपायचं. आता असंख्य गेम फुकट मिळतात आणि कमाई होते ती खेळाडू टिकून राहिला तर. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल'ने याचा धडा सगळ्यांना घालून दिला. पेरलेलं पीक ठरलेल्या तासांनी तयार व्हायचं आणि वेळेवर कापलं नाही तर वाळून जायचं. कधी खेळायचं हे तुम्ही ठरवायचं सोडून कोबी ठरवायला लागला.

या प्रकाराची टर उडवायला इयन बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापक आणि गेम-रचनाकाराने २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' नावाचा गेम केला. पडद्यावर एक गाय. तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचं. सहा तास थांबायचं नसेल तर पैसे मोजायचे. बाकी काहीही नाही. बोगोस्टला वाटलं होतं की लोक हसतील आणि सोडून देतील. पण पन्नास हजारांहून जास्त लोक ते मनापासून खेळायला लागले, नव्या रंगाच्या गाई मागायला लागले. कंटाळून त्याने २०११ मध्ये गेममधल्या सगळ्या गाई एका फटक्यात नाहीशा केल्या. तरी काही जण गाय जिथे असायची त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. विनोद करायला गेलेल्या माणसावर इतकं गंभीर वळण क्वचितच येतं.

या मागचं तंत्र आता सर्वत्र दिसतं. रोजची छोटी कामं, ज्यांना 'डेली' म्हणतात. सलग किती दिवस आलात याची मोजणी, एक दिवस चुकला की पुन्हा शून्यावर. कधी मिळेल कधी नाही अशी बक्षिसं, कारण नेमकं केव्हा मिळेल हे माहीत नसलं की प्राणी जास्त वेळ प्रयत्न करत राहतात हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी फार पूर्वी दाखवलं होतं.

मला सर्वांत चलाख वाटतो तो 'बॅटल पास'. यात खेळाडू आधी पैसे भरतो. त्या बदल्यात पोशाख, हत्यारांचे रंग, नाचाच्या अदा अशी बक्षिसांची एक लांब रांग त्याच्यासमोर मांडली जाते, पण त्यातलं बहुतेक काही लगेच हातात येत नाही. एका हंगामात पुरेसं खेळून एकेक टप्पा पार केला की एकेक बक्षीस सुटतं. अनेक गेममध्ये हंगाम संपला की राहिलेली बक्षिसं गेली ती गेलीच. वस्तूचे पैसे भरायचे आणि ती ताब्यात घ्यायला वर राबायचं, असा हा व्यवहार. 'डोटा २' मध्ये २०१३ मध्ये याचं सुरुवातीचं रूप दिसलं, पुढे 'फोर्टनाइट'ने ते घराघरांत नेलं. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात खेळाडूंचं बोलणं ऐकलं तर मार्चअखेरीच्या ऑफिसातलं वाटावं: 'अजून बारा लेव्हल राहिल्यात, झोपून चालणार नाही.'

सोनं खणणारे

आता दुसरा प्रश्न, तयार होतं ते कोणाचं? १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये नॉराथ नावाचं काल्पनिक जग होतं. तिथल्या तलवारी, चिलखतं आणि नाणी खेळाडू ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर खऱ्या डॉलरांत विकायला लागले. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये त्या भावांवरून हिशेब मांडला. नॉराथमध्ये तासभर खेळणारा माणूस सरासरी ३.४२ डॉलरची संपत्ती निर्माण करत होता. दरडोई उत्पन्न काढलं तर हा अस्तित्वात नसलेला देश रशिया आणि बल्गेरिया यांच्यामध्ये बसत होता. खेळातून संपत्ती तयार होत नाही, हा कायवांचा सिद्धान्त इथे पार कोलमडला.

पण गेममधलं सोनं खरे पैसे देऊन कोणी का घ्यावं? कारण ते मिळवायला तेच तेच प्राणी शेकडो वेळा मारावे लागतात. खेळाडू याला 'ग्राइंड' म्हणतात आणि बहुतेकांना ते आवडत नाही. चांगला पगार असलेल्याकडे पैसा आहे, वेळ नाही. दुसरीकडे ज्यांना कमी पगाराचीही गरज आहे अशी माणसं आहेत. या दोघांची गाठ पडली आणि 'गोल्ड फार्मिंग' नावाचा धंदा उभा राहिला. मुख्यतः चीनमध्ये, संगणकांनी भरलेल्या खोल्यांत तरुण मुलं पाळ्या लावून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधलं सोनं गोळा करायची आणि मालक ते पाश्चात्त्य ग्राहकांना विकायचा. मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये अंदाज बांधला की जगात साधारण ४ लाख माणसं हे काम करतात आणि महिन्याला सरासरी १४५ डॉलर कमावतात.

म्हणजे एकाच गेममध्ये, एकाच जंगलात, एकाच रानडुकरावर दोन खेळाडू तलवार चालवताहेत. एक सुट्टीची मजा घेतोय, दुसऱ्याची पाळी संपायला अजून पाच तास आहेत. पडद्याकडे बघून कोण कोणता हे सांगता येणार नाही. हौशी खेळाडू या 'फार्मर' मंडळींचा मनस्वी तिरस्कार करायचे, दिसेल तिथे त्यांना मारायचे, शिव्या द्यायचे. सोनं विकत घेणारे मात्र त्यांच्यातलेच असायचे.

याचं टोक २०११ मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने छापलेल्या बातमीत दिसतं. चीनमधल्या एका श्रमछावणीत राहून आलेल्या माजी कैद्याने सांगितलं की दिवसा अंगमेहनत झाल्यावर रात्री कैद्यांना सक्तीने गेम खेळायला बसवलं जायचं. सोनं विकून येणारा पैसा पहारेकरी घ्यायचे आणि ठरलेला कोटा भरला नाही तर मारहाण व्हायची. वर मांडलेल्या दोन प्रश्नांना याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

हा बाजार बंद पाडायला कंपन्यांनी हजारो खाती बंद केली, पण बाजार हटला नाही. तेव्हा २०१५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीने स्वतःच दुकान थाटलं. एक खेळाडू २० डॉलरला टोकन घेतो आणि गेममध्ये सोन्याच्या बदल्यात विकतो. दुसरा ते सोनं देऊन घेतो आणि त्याला महिन्याची वर्गणी मिळते, जी एरवी १५ डॉलरची आहे. दुसऱ्याने ग्राइंड करून आपली वर्गणी फेडली, पहिल्याचा वेळ वाचला आणि मधले ५ डॉलर कंपनीच्या गल्ल्यात पडले.

आणि मग आला 'खेळा आणि कमवा' असं उघड सांगणारा काळ. व्हिएतनाममधल्या स्काय मेव्हिस या कंपनीचा 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' हा गेम २०२१ मध्ये, साथीने रोजगार गेलेल्या काळात, फिलिपीन्समध्ये तुफान पसरला. खेळायला 'अ‍ॅक्सी' नावाचे तीन डिजिटल प्राणी विकत घ्यावे लागायचे. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांना कोणीतरी प्राणी उसने द्यायचा आणि कमाईतला वाटा घ्यायचा. देणाऱ्याला 'मॅनेजर' म्हणायचे, खेळणाऱ्याला 'स्कॉलर'. जमीन एकाची, नांगर दुसऱ्याच्या हातात, हे नातं शेतीच्या इतिहासात सगळीकडे आहे. नाव मात्र शिष्यवृत्तीचं.

हा डोलारा का पडला ते समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लढाई जिंकली की टोकन, म्हणजे खऱ्या पैशांत विकता येणारं डिजिटल चलन मिळायचं, म्हणजे रोज लाखो लोक टोकन छापत होते. त्या टोकनचा उपयोग प्रामुख्याने एकच, नवे प्राणी पैदा करणं. नवे प्राणी हवे असणार नव्या खेळाडूंना. म्हणजे जुन्यांची मिळकत नव्यांच्या प्रवेशातून येत होती, आणि नवे येणं मंदावताच टोकनचा ढीग पडून राहिला. जुलै २०२१ मध्ये एका टोकनला ३५ सेंटच्या आसपास भाव होता, पुढच्या वर्षाच्या मध्याला एक सेंटही मिळत नव्हता. मार्च २०२२ मध्ये गेमशी जोडलेल्या रोनिन नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरहून जास्त किमतीचं चलन चोरीला गेलं, आणि एफबीआयने त्यासाठी उत्तर कोरियाशी संबंधित टोळीकडे बोट दाखवलं. गेममध्ये गंमत किती होती हा प्रश्न या सगळ्या काळात फारसा कोणी विचारलाच नाही. मजुरी बंद झाली तेव्हा बहुतेकांनी खेळणंही बंद केलं, यातच त्याचं उत्तर आलं.

बिनपगारी कारागीर

पैसा हातात पडतो तिथे काम ओळखणं त्या मानाने सोपं आहे. जिथे पैशाचं नावच निघत नाही तिथे ते अवघड जातं. १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर हौसेने बदल करून 'काउंटर-स्ट्राइक' बनवला. अशा बदलांना 'मॉड' म्हणतात. मूळ गेमची कंपनी व्हॉल्व्हने २०००मध्ये त्याचे हक्क घेतले, दोघांना कामावर घेतलं, आणि पुढची पंचवीस वर्षं हा गेम कंपनीला कमाई करून देतोय. 'डोटा'चा जन्मही असाच, ब्लिझार्डच्या 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये खेळाडूंनी केलेल्या एका नकाशातून. त्यातून पुढे 'लीग ऑफ लेजंड्स' आणि 'डोटा २' हे अफाट चाललेले गेम निघाले, पण ते दुसऱ्याच कंपन्यांचे. ब्लिझार्डने यातून धडा घेतला. २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३' नव्या रूपात आला तेव्हा नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं होतं की खेळाडूंनी बनवलेले गेम ही कंपनीची मालमत्ता राहील.

ज्युलियन क्यूक्लिख या अभ्यासकाने २००५ मध्येच अशा श्रमांना 'प्लेबर' (प्ले अधिक लेबर) असं नाव दिलं होतं. त्याचा मुद्दा साधा होता. मॉड करणाऱ्याला आपण खेळतोय असं वाटतं, म्हणून तो मोबदला मागत नाही, आणि त्याच्या छंदाने गेमचं आयुष्य वाढून फायदा कंपनीला होतो.

'रोब्लॉक्स'ने ही गोष्ट आपल्या धंद्याचा पायाच केली. तिथले गेम खेळाडूच बनवतात, त्यात शाळकरी मुलंही असतात, आणि मोबदलाही मिळतो. पण किती? २०२५ पर्यंत अनेक वर्षं चाललेल्या दराने हिशेब करू. खेळणाऱ्याने ४.९९ डॉलर देऊन ४०० रोबक्स, म्हणजे तिथलं चलन, घेतले आणि सगळे एका गेममधल्या वस्तूवर खर्च केले. त्यातले ३० टक्के रोब्लॉक्सचे, बनवणाऱ्याला राहिले २८०. ते डॉलरमध्ये बदलायचा तेव्हाचा दर रोबक्सला ०.००३५ डॉलर, म्हणजे हातात ९८ सेंट. पाचातला एक. कंपनीची बाजूही ऐकायला हवी: अ‍ॅप स्टोअरचा वाटा, सर्व्हर, सुरक्षा हे सगळं बाकीच्या चारांतून जातं. तरीही तेरा वर्षांच्या मुलाला हा हिशेब कोणी समजावून सांगितलेला असतो का, याची मला शंका आहे.

कधी कधी आपण काही तयार करतोय हेही खेळणाऱ्याला जाणवत नाही. लुई फॉन आन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात बनवलेल्या 'ईएसपी गेम'मध्ये दोन अनोळखी माणसांना एकच चित्र दिसायचं आणि दोघांना सुचलेला शब्द जुळला की गुण मिळायचे. जुळलेला शब्द म्हणजे त्या चित्राचं नेमकं वर्णन, जे तेव्हाच्या संगणकाला करता येत नव्हतं. गुगलने २००६ मध्ये हाच गेम चित्रांच्या शोधासाठी वापरायला घेतला. 'पोकेमॉन गो' बनवणाऱ्या नायंटिकने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की खेळाडूंनी फोनने टिपलेल्या ठिकाणांच्या स्कॅनमधून कंपनी जगाचा त्रिमितीय भूगोल समजणारी एआय प्रणाली घडवते आहे. स्कॅन करणं ऐच्छिक होतं, नुसतं चालून पोकेमॉन पकडणाऱ्यांची माहिती त्यात नाही, असा खुलासाही कंपनीने केला. खुलासा मान्य केला तरी एवढं उरतं की गेममधल्या छोट्या बक्षिसांसाठी केलेल्या कामातून एक वेगळाच, बराच मोलाचा माल तयार झाला.

याच जातीचं एक उदाहरण मात्र मला मनापासून आवडतं. वॉशिंग्टन विद्यापीठाचा 'फोल्डइट' हा २००८ मधला गेम. यात प्रथिनांच्या साखळ्या कोड्यासारख्या दुमडायच्या. माकडांमध्ये एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सुटत नव्हती. २०११ मध्ये या खेळाडूंनी ती तीन आठवड्यांच्या आत सोडवली. शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये खेळाडूंच्या गटांची नावं छापली गेली, त्यात एकाचं नाव 'व्हॉइड क्रशर्स'. आपण कशासाठी खेळतोय हे इथे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि श्रेयही त्यांच्या नावावर लागलं. झाकपाक नसली की खेळाने उपयोगी असण्यात काहीच बिघडत नाही.

कामाला खेळाचा मुलामा

आता उलट्या बाजूने बघू. कामाचा खेळ करणं ही माणसाची जुनी खोड आहे. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय १९४४-४५ मध्ये शिकागो परिसरातल्या एका यंत्रशाळेत कामगार म्हणून राबले. तीस वर्षांनी मायकेल बुरावॉय योगायोगाने त्याच कारखान्यात कामाला लागले. दोघांनाही तिथे एकच खेळ दिसला. ठरलेल्या कोट्याच्या वर किती टक्के माल काढता येतो याची कामगारांची आपापसात चुरस चालायची. पण त्या खेळाला त्यांनीच घातलेली एक मर्यादा होती, १४० टक्क्यांच्या वर जायचं नाही. कारण वर गेलं की मालक दर कापणार. बुरावॉय यांनी १९७९ मध्ये यावर लिहिलं तेव्हा त्यांचं निरीक्षण बोचरं होतं: खेळात रमलेला माणूस खेळाचे नियम कोणी ठरवले हे विचारत नाही, आणि असा रमलेला कामगार मालकाला हवाच असतो. तरी त्या खेळाची मर्यादा कामगारांच्या हातात होती, हे विसरून चालणार नाही.

ती मर्यादा हातातून गेली की काय होतं? २०११ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या हॉटेलांमधल्या धुलाई विभागाबद्दल लिहिलं. चादरी-टॉवेल यंत्रात घालणाऱ्या बायका-माणसांची नावं आणि प्रत्येकाचा वेग मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल असा झळकायचा. अपेक्षेइतका वेग असेल तर आकडा हिरवा, कमी असेल तर लाल. बघायला हा अगदी गेममधला लीडरबोर्ड, म्हणजे कोण पुढे कोण मागे हे दाखवणारा फलक. कामगारांनी त्याला 'इलेक्ट्रॉनिक चाबूक' असं नाव ठेवलं. काही जण स्वच्छतागृहात जायलाही कचरायला लागले.

अ‍ॅमेझॉनच्या काही गोदामांत कामगारांच्या शेजारी पडद्यावर साधे गेम चालतात, अशी बातमी २०१९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दिली. सामान जितक्या वेगाने उचललं किंवा लावलं जाईल तितकी पडद्यावरची गाडी पुढे पळते. भाग घेणं ऐच्छिक असल्याचं सांगितलं गेलं. उबरने चालकांसाठी काय केलं ते 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१७ मध्ये मांडलं: चालक अ‍ॅप बंद करायला जातो तोच पडद्यावर उमटतं की अमुक रकमेला फक्त दहा डॉलर कमी आहेत, खरंच थांबायचंय? ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्या की जादा पैसे, त्याला नाव गेममधल्या मोहिमेचंच, 'क्वेस्ट'. आणि एक भाडं संपायच्या आत दुसरं समोर ठेवायचं. थांबायचा हक्क कागदावर पूर्ण शाबूत आहे. रचना मात्र सगळी तो वापरला जाऊ नये अशी.

खेळाचा मुलामा दिल्याने काम गोड होतं, हा समज तपासून बघण्यासारखा आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडायचं अशा मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. ते मिळालंही. पण एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा समोर ठेवली तेव्हा ही मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. बक्षीस ठरवून दिल्यावर चित्र हे बक्षिसासाठीचं काम झालं. आज प्रत्येक अ‍ॅपमध्ये बिल्ले आणि गुण कोंबणाऱ्यांनी हा पन्नास वर्षांपूर्वीचा निष्कर्ष बहुधा वाचलेला नसतो. किंवा वाचलेला असतो आणि त्यांना आवडीशी देणंघेणं नसतं, फक्त आकड्याशी असतं.

रजा कोणाला मागायची?

सर्वांत विचित्र जागेवर अडकले आहेत ते गेम खेळून दाखवणारे स्ट्रीमर. ट्विच हे व्यासपीठ २०११ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतलं. स्ट्रीमरला कोणी साहेब नाही, हजेरीपट नाही. पण प्रेक्षक दरमहा वर्गणी देतात ती तो पडद्यावर दिसतो म्हणून. आठवडाभर दिसला नाही तर प्रेक्षक दुसरीकडे जातात आणि परत येतीलच याची खात्री नसते. रजा नाकारणारा कोणी नसताना रजा घेता येत नाही, अशी ही नोकरी. त्यात कॅमेऱ्यासमोर मजा येते आहे असं दिसावंही लागतं. हाउझिंगांनी ज्याला खेळ म्हटलं असतं ते इथे विकायचा माल झालेलं आहे.

गेम बनवणाऱ्यांची कहाणी याची जुळी बहीण. आवडीचं क्षेत्र म्हणून आलेल्या तरुणांकडून गेम बाजारात यायच्या आधी महिनोन्‌महिने जादा तास करून घेणं या उद्योगात इतकं रुळलंय की त्याला 'क्रंच' असं नावही पडलंय. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने हे निनावी ब्लॉगवर मांडलं आणि गदारोळ उडाला. जादा तासांच्या पगारासाठीचे दोन दावे कंपनीने पुढे प्रत्येकी सुमारे दीड कोटी डॉलर देऊन मिटवले.

कायद्यापुढे मूळ प्रश्न सरळ सरळ आला तो स्वयंसेवकांमुळे. १९९९ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या माजी स्वयंसेवकांनी कंपनीवर दावा केला. त्यांना पगार नव्हता, सवलतीत किंवा फुकट खातं मिळायचं. पण कामाचे तास ठरलेले होते, प्रशिक्षण होतं, अहवाल द्यावे लागायचे. मग आम्ही नोकर नाही तर कोण, असं त्यांचं म्हणणं. 'अल्टिमा ऑनलाइन' या गेममध्ये नव्या खेळाडूंना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांनीही पाठोपाठ तसाच दावा गेमच्या कंपनीवर लावला. तेही खेळाडूच होते, त्याच गेमचे. दोन्ही प्रकरणं तडजोडीने मिटली, अमेरिका ऑनलाइनने २०१० मध्ये दीड कोटी डॉलर दिले. मदतनीस खेळाडू हा नोकर की हौशी, याचं ठाम उत्तर न्यायालयाच्या तोंडून यायचं ते राहूनच गेलं.

तेच काम आता बहुतेक गेमांच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्ड या अ‍ॅपवरच्या गप्पांच्या अड्ड्यांवर, चालतं. भांडणं सोडवणं, फसवणूक करणाऱ्यांना हाकलणं, नव्यांच्या त्याच त्याच शंकांना उत्तरं देणं, रात्री-अपरात्री लक्ष ठेवणं. करणारे पुष्कळदा खेळाडूच असतात, आणि त्याबद्दल अनेकांना मिळतो तो फक्त नावाला वेगळा रंग.